नाना शंकरशेट आणि मुरबाडला न आलेली गाडी

मुंबईहून कसाऱ्याकडे निघालेली गाडी कल्याण सोडल्यावर शहाड, आंबिवली, टिटवाळा, खडवली करीत वासिंदला येते आणि तेथून शहापूर तालुक्याच्या भातखाचरांतून आसनगाव, आटगाव, खर्डी ही स्थानके मागे टाकीत थळ घाटाच्या पायथ्याशी पोहोचते. या लोहमार्गावरून रोज सकाळी कारकून, शिक्षक व विद्यार्थी मुंबईच्या दिशेने जातात आणि रात्री थकून परततात. ज्या कंपनीने हा मार्ग घातला तिच्या आरंभीच्या संचालकांत हिंदी गृहस्थ दोनच होते. एक सर जमशेटजी जीजीभाई आणि दुसरे जगन्नाथ शंकरशेट, अर्थात नाना. या नानांचे घराणे मूळचे शहापूरला लागून असलेल्या मुरबाडचे. त्या मुरबाडला मात्र आजवर रेल्वे आलेली नाही. कल्याण-मुरबाड मार्गाच्या घोषणा झाल्या, मंजुरीही मिळाली. परंतु गाडीची शिटी मुरबाडकरांनी आपल्या गावात अद्याप ऐकलेली नाही.

या विसंगतीकडे केवळ दैवाचा विनोद म्हणून पाहून चालणार नाही. लहान व मध्यम उद्योगांमध्ये नावीन्य कशामुळे येते, हा अर्थशास्त्रातला प्रश्न तिच्यात दडलेला आहे. एकाच गावात, सारख्याच भांडवलावर चालणाऱ्या दोन कारखान्यांपैकी एक वीस वर्षे तोच माल त्याच पद्धतीने काढीत राहतो आणि दुसरा दर दोन वर्षांनी काही नवे करून पाहतो, असे का व्हावे? याचे नेहमीचे उत्तर कर्ज, अनुदान आणि यंत्रसामग्री या तीन शब्दांत दिले जाते. नानांचे चरित्र वेगळे उत्तर सुचविते. ते स्वतः कारखानदार नव्हते. परंतु नवे काही करू पाहणाऱ्या माणसाला ज्या आधारांची गरज लागते, ते उभारण्यात त्यांचे आयुष्य गेले. ज्ञान, विश्वासावर उभे राहिलेले भांडवल, बाजारपेठेपर्यंतचा मार्ग आणि एकत्र येऊन काम करण्याची सवय हे ते चार आधार होत.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ चा. आडनाव मुरकुटे, ज्ञाती दैवज्ञ. त्यांचे पूर्वज मुरबाड सोडून मुंबईच्या परिसरात आले आणि व्यापारात स्थिरावले. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज आणि टिपू यांच्यात जे युद्ध पेटले, त्या काळात वडील शंकरशेट यांनी अमाप संपत्ती मिळविली. नानांना घरीच शिक्षक ठेवून इंग्रजी व इतर विषयांचे शिक्षण मिळाले. ऐन तारुण्यात पितृछत्र हरपले आणि पेढीचा कारभार त्यांच्या अंगावर पडला. अशा वयात हाती आलेली संपत्ती उधळून टाकणारे वारस मुंबईने पुष्कळ पाहिले होते. नानांनी पेढी सांभाळली आणि तिची पतही वाढविली. अरब आणि अफगाण व्यापारी आपला ठेवा नव्याने निघालेल्या बँकांपेक्षा नानांच्या स्वाधीन करणे पसंत करीत, असे त्यांचे चरित्रकार नमूद करतात.

ही गोष्ट वरवर पाहता एका सावकाराच्या प्रतिष्ठेची वाटेल; परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने तिचे मोल मोठे आहे. नवा प्रयोग करणाऱ्याजवळ तारण ठेवण्याजोगे फारसे काही नसते. त्याचा माल अद्याप विकला गेलेला नसतो, त्याचा हिशेब मागील अनुभवावर बसविता येत नाही. अशा माणसाला पैसा मिळतो तो त्याला ओळखणाऱ्या आणि त्याच्या शब्दावर भरवसा ठेवणाऱ्या लोकांकडून. म्हणूनच पैशाच्या विपुलतेपेक्षा पैसा व माणूस यांमधील विश्वासाचे नाते लहान उद्योगाला अधिक उपयोगी पडते. हे नाते नानांनी मोठ्या प्रमाणावर निर्माण केले. पुढे त्यांनी हाती घेतलेल्या प्रत्येक सार्वजनिक कामात हीच पत उपयोगी पडली.

नानांचे पहिले मोठे कार्य शिक्षणक्षेत्रातले. १८२२ साली गव्हर्नर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या प्रोत्साहनाने मुंबईत एतद्देशीयांसाठी शाळा काढणारी व पुस्तके छापणारी मंडळी स्थापन झाली. नाना लवकरच तिच्या आधारस्तंभांपैकी एक बनले. या मंडळीच्या कामात सदाशिव काशिनाथ छत्रे आणि पुढे बाळशास्त्री जांभेकर यांच्यासारखी माणसे होती. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी गणिताची पुस्तके मराठीत आणली ती याच प्रयत्नांचा भाग म्हणून. एल्फिन्स्टन १८२७ मध्ये मायदेशी परतले, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ निधी उभा राहिला आणि त्यातून पुढे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन आकारास आली. त्या खटपटीतही नाना अग्रभागी होते.

१८४० मध्ये सरकारने शिक्षणमंडळ नेमले आणि नाना त्याचे सभासद झाले. या मंडळात काही वर्षांनी जो वाद पेटला त्याची आठवण आजही उद्बोधक ठरावी. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा कल असा की, उच्च ज्ञान इंग्रजीतून मूठभरांना द्यावे. ते हळूहळू खाली झिरपेल. जर्व्हिस आणि नाना यांनी याला विरोध केला. सामान्य माणसापर्यंत विद्या पोहोचवायची तर ती त्याच्या भाषेतूनच दिली पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. स्वतः इंग्रजी उत्तम जाणणाऱ्या आणि इंग्रज अधिकाऱ्यांमध्ये सहज वावरणाऱ्या धनिकाने ही बाजू घ्यावी, हे विशेष होय. वाद पूर्णपणे त्यांच्या बाजूने सुटला नाही. परंतु मराठी शाळा आणि मराठी पाठ्यपुस्तके यांना त्यातून बळ मिळाले.

उद्योगाशी या वादाचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध अगदी निकटचा आहे. लहान कारखान्यात नवी कल्पना बहुधा संशोधन विभागातून येत नाही, कारण तसा विभागच नसतो. ती येते यंत्रावर उभ्या असलेल्या कामगाराला, दुरुस्ती करणाऱ्या कारागिराला, किंवा मालाबद्दल तक्रार घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला. या माणसांना आकृती वाचता आली, मोजमाप घेता आले, आपल्या भाषेत कारणमीमांसा करता आली, तर तक्रारीतून सुधारणा जन्मते. नाहीतर ती तक्रारच राहते. शाळा आणि कारखाना यांच्यातले हे नाते नानांनी सिद्धान्त म्हणून मांडले नव्हते. परंतु त्यांच्या कृतीत ते सतत दिसते.

१८५७ मध्ये जमशेटजींच्या देणगीतून जे. जे. कलाशाळा सुरू झाली. तिच्या उभारणीत नानांचा सहभाग होता. भारतीय कच्चा माल व कारागिरी यांचे नमुने एकत्र पाहता यावेत म्हणून मुंबईत वस्तुसंग्रहालय उभारण्याच्या प्रयत्नांतही डॉ. भाऊ दाजी आणि डॉ. जॉर्ज बर्डवुड यांच्यासमवेत ते होते. आज भायखळ्याला जे भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणून ओळखले जाते, त्याची पायाभरणी नानांच्या हयातीत, १८६२ साली झाली. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय, कायद्याचे शिक्षण, मुलींची शाळा यांनाही त्यांनी हात दिला. मुलींच्या शाळेसाठी तर त्यांनी टीका सोसून स्वतःच्या वाड्यातच जागा दिली.

नानांच्या मृत्यूनंतर सुमारे वीस वर्षांनी, याच कलाशाळेत बेळगाव भागातला एक तरुण चित्रकला शिकायला आला. त्याच्या डोळ्यांना रंगांतला भेद नीट कळत नसल्याचे ध्यानात आले, तेव्हा रंगकाम सोडून त्याने यांत्रिक आरेखन आत्मसात केले. हा तरुण म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत त्यांनी तोच विषय शिकविला, बंधूंसमवेत बेळगावात सायकलींचे दुकान चालविले, कडबा कापण्याचे यंत्र काढले, लोखंडी नांगर घडविला. लोखंडाने जमीन विषारी होते अशा समजुतीमुळे पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे लागली, तरी त्यांनी धीर सोडला नाही. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्थानकाजवळ जमीन व दहा हजार रुपयांचे कर्ज दिले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. कलाशाळेतले आरेखन, सायकलदुकानात गिऱ्हाइकाशी पडलेली गाठ, संस्थानिकाचा विश्वास आणि शेजारचे रेल्वे स्थानक, या चारही गोष्टी लक्ष्मणरावांच्या वाट्याला आल्या. त्यांपैकी आरेखनाचे मूळ नानांच्या पिढीने उभारलेल्या संस्थेत होते. एका पिढीने लावलेल्या झाडाची फळे दुसऱ्या प्रांतातल्या, दुसऱ्या पिढीतल्या माणसाला मिळतात, ती अशी.

आता रेल्वेकडे वळू. १८४५ मध्ये नाना आणि जमशेटजी यांच्या पुढाकाराने मुंबईत रेल्वेसाठी मंडळी स्थापन झाली. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनी निघाली, १८४९ मध्ये तिला कायदेशीर रूप मिळाले आणि १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत पहिली गाडी धावली. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित आणि तोफांची सलामी अशा थाटात झालेल्या त्या प्रवासात नाना होते. १८५४ मध्ये गाडी कल्याणला, १८५५ मध्ये वासिंदला आणि १८६१ च्या पहिल्या दिवशी कसाऱ्याला पोहोचली. १८६५ मध्ये थळ घाट ओलांडून ती इगतपुरीला गेली. शहापूर तालुक्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लोहमार्ग पडलेला नानांनी आपल्या हयातीत पाहिला.

या यशाची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. कंपनीच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी सरकारने दिली होती. भांडवल मुख्यतः इंग्लंडातले आणि हमी हिंदी रयतेच्या करातून. खर्च कितीही झाला तरी भागधारकाला त्याचे पाच टक्के मिळणारच होते. साहजिकच काटकसरीने बांधण्याची, नवी युक्ती शोधण्याची निकड कमी झाली आणि या हमीवर पुढे कठोर टीका झाली. आजच्या अनुदानांचा विचार करताना हा अनुभव ध्यानात ठेवण्याजोगा आहे. आधार हा धाडसाला द्यावयाचा असतो. खात्रीच्या नफ्याचा आधार मिळाला की धाडसाची गरजच उरत नाही.

नानांच्या कर्तृत्वाचा चौथा पैलू संघटनेचा. २६ ऑगस्ट १८५२ रोजी बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली आणि नाना तिच्या अध्यक्षस्थानी आले. पारशी, हिंदू, मुसलमान अशा सर्व समाजांतील पुढारी एका छताखाली येऊन सरकारकडे अर्ज-विनंत्या करू लागले. मुंबई इलाख्यातील राजकीय जागृतीचा हा आरंभ मानला जातो. १८५७ च्या उठावाच्या वेळी सरकारने नानांवर संशय घेतला. चौकशीत तो निराधार ठरला. पुढे मुंबईच्या कायदेमंडळावर त्यांची नेमणूक झाली. ग्रँट रोडला त्यांच्या जागेवर नाट्यगृह उभे राहिले आणि तेथे १८५३ मध्ये विष्णुदास भावे यांनी मराठी नाटकाचे प्रयोग केले. राजाश्रयावर वाढलेली सांगलीची नाटकमंडळी तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकासमोर उभी राहिली, हेही व्यवसायातले नावीन्यच. शंभर माणसे एका ठिकाणी सहज जमू शकतील अशी जागा निर्माण झाली, की नव्या कल्पनांची देवाणघेवाण आपोआप सुरू होते. आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये औद्योगिक वस्त्यांविषयी जे विवेचन केले, त्यात धंद्याची गुपिते शेजारीपाजारी सहज पसरतात हाच मुद्दा होता.

नानांच्या जीवनाचा अखेरचा काळ मुंबईच्या आर्थिक इतिहासातल्या विलक्षण पर्वाशी येऊन भिडतो. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. पैशाचा पूर लोटला. नवनव्या बँका, समुद्र हटविण्याच्या कंपन्या आणि त्यांच्या भागांचा सट्टा यांनी शहराला वेड लावले. १८६५ मध्ये युद्ध थांबले, कापसाचे भाव कोसळले आणि १ जुलैच्या हिशेबाच्या दिवशी सट्ट्याचा डोलारा ढासळला. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला नानांनी देह ठेवला. चार वर्षांत मुंबईत जेवढे भांडवल आले तेवढे त्यापूर्वी कधी आले नव्हते. तरी त्यातले पुष्कळसे कागदी कंपन्यांत वाहून गेले. भांडवलाच्या पुराने नावीन्य येत नाही, याचा याहून मोठा पुरावा शोधण्याची गरज नाही. जे टिकले ते शाळा, महाविद्यालये, लोहमार्ग आणि संस्था यांच्या रूपाने. संस्कृतात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याची शंकरशेट शिष्यवृत्ती शिक्षकांच्या कित्येक पिढ्यांना ठाऊक आहे.

नानांनी उभारलेले जवळजवळ सारे काही मात्र मुंबईत उभे राहिले. शाळा, संग्रहालय, कलाशाळा, सभा, पेढी ही सर्व बेटावर. पूर्वजांच्या गावाच्या वाट्याला त्यातले थोडेच आले. शहापूरला लोहमार्ग मिळाला, पण बाकीचे तीन आधार त्याच्याबरोबर आले नाहीत. मार्ग एकटा आला की तो बहुधा एकाच दिशेने वाहतो. शहापूरच्या रानातले लाकूड आणि गवत मुंबईला गेले, मागाहून माणसे गेली. १८९२ मध्ये तानसा धरण पुरे झाले. पुढे वैतरणा आणि भातसा यांचेही पाणी मुंबईकडे निघाले. धरणांच्या तालुक्यातील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, ही सर्वांना परिचित असलेली वस्तुस्थिती आहे. मुरबाडला लोहमार्गही मिळाला नाही. कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता हीच त्याची धमनी. तेथे औद्योगिक वसाहत झाली. तरी आसपासच्या गावांतून तिला कामगार मिळाले त्या मानाने उद्योजक किती मिळाले, हा प्रश्न विचारावा लागतो.

या भागात उद्योगाला विषयच नाहीत असे म्हणता येणार नाही. शुम्पीटर यांनी नावीन्याचे पाच प्रकार सांगितले : नवी वस्तू, नवी पद्धत, नवी बाजारपेठ, कच्च्या मालाचा नवा स्रोत आणि व्यवसायाची नवी रचना. भात भरडणारी एखादी गिरणी घ्या. भाताचे तूस जळण म्हणून विकण्याऐवजी त्याचा अन्य उपयोग शोधणे, स्थानिक जातीचा तांदूळ निवडून, पिशवीत भरून थेट शहरी गिऱ्हाइकापर्यंत नेणे, दहा गिरण्यांनी मिळून एक प्रतवारीचे यंत्र घेणे, ही सर्व नावीन्याचीच रूपे होत. घाटाच्या वाटेवरील खानावळीला, महामार्गावरील दुरुस्तीच्या दुकानाला, म्हशाच्या जत्रेत माल मांडणाऱ्या कारागिराला हाच न्याय लागू पडतो. यांपैकी एकालाही मोठ्या प्रयोगशाळेची गरज नाही. गरज आहे ती गिऱ्हाइकाचे ऐकणाऱ्या कानाची, आकृती समजणाऱ्या हाताची, ओळखीच्या पतपेढीची आणि शेजाऱ्याशी स्पर्धा करतानाही त्याच्याबरोबर बसण्याच्या सवयीची.

ज्या संस्थांकडून हे अपेक्षावे त्या तालुक्यात आज आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, महाविद्यालये आहेत, सहकारी पतसंस्था आहेत, जिल्हा उद्योग केंद्र आहे. उणीव आहे ती त्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या माणसांची. प्रशिक्षण संस्थेतला निदेशक गावच्या गिरणीत कधी जात नाही. पतसंस्थेला सोन्याचे तारण कळते, नव्या मालाचा नमुना कळत नाही. कारखानदार एकमेकांना भेटतात ते वीजबिलाची तक्रार करण्यापुरते. नानांचे मोठेपण असे की, शाळेच्या समितीत, रेल्वेच्या संचालकांत, संग्रहालयाच्या सभेत आणि पेढीच्या गादीवर बसणारा माणूस एकच होता. एका ठिकाणी ऐकलेले दुसऱ्या ठिकाणी नेणे हे त्यांचे खरे कार्य. असे काम करण्यासाठी कोट्यधीश असावे लागत नाही. तालुक्यातला शिक्षक, बँकेतला कारकून, सुटीत गावी आलेला विद्यार्थी यांनाही आपापल्या परीने ते करता येईल.

मुरबाडला गाडी येईल तेव्हा येवो. ती आली आणि बाकीचे काहीच तयार नसले, तर शहापूरप्रमाणे तीही सकाळी माणसे नेईल आणि रात्री आणून सोडील. ती येण्यापूर्वी गिरणी, प्रशिक्षण संस्था आणि पतपेढी यांची गाठ पडली, तर त्या गाडीतून माणसांबरोबर मुरबाडचा मालही बाहेर पडेल. पूर्वजांच्या गावाचे नानांकडून राहून गेलेले देणे फेडण्याचा याहून सरळ मार्ग दिसत नाही.